प्रयोगशाळेचा रोजमेळ

व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. दिवसअखेर रोजमेळ जुळल्याशिवाय गल्ला बंद होत नाही. फरक पाच रुपयांचा असला तरी तो शोधावा लागतो; कारण प्रश्न पाच रुपयांचा नसतो, उरलेल्या सगळ्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा की नाही, हा असतो. बँकेतील माझी सगळी नोकरी याच शिस्तीत गेली. निवृत्तीनंतर मात्र तीच शिस्त मला एका अगदी निराळ्या ठिकाणी, पांढऱ्या कोटातल्या माणसांकडून, नव्याने पाहायला मिळाली. २०२० साली आमच्या गावच्या धर्मादाय रुग्णालयाने करोनाची चाचणी करणारी प्रयोगशाळा उभारली. विश्वस्तांच्या आग्रहावरून त्या कामाचा हिशेब माझ्याकडे आला. त्या निमित्ताने जे पाहिले, ते आपल्या व्यापारी कुटुंबांना जवळचे वाटेल, म्हणून लिहीत आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. जानेवारी २०२० मध्ये या नव्या विषाणूचे खात्रीचे निदान करण्यासाठी देशाची सारी मदार पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेवर, म्हणजे एनआयव्हीवर होती. १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र म्हणून स्थापन झालेली ही संस्था. केरळातील पहिल्या रुग्णाचे निदान ३० जानेवारीला जाहीर झाले. महाराष्ट्रातील पहिले रुग्ण ९ मार्चला पुण्यातच आढळले आणि पंधरवड्यात देशभर टाळेबंदी आली. त्यानंतर प्रयोगशाळांची संख्या ज्या वेगाने वाढली, तो वेग आजही थक्क करतो. जूनअखेरपर्यंत देशात एक हजार प्रयोगशाळा उभ्या राहिल्या आणि २१ ऑगस्टला एकाच दिवसात दहा लाखांहून अधिक चाचण्या झाल्या. वर्तमानपत्रात असे आकडे एका ओळीत येतात. पण त्या हजारांतील प्रत्येक प्रयोगशाळा कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी इमारतीतील एखाद्या जुन्या खोलीत, कुणीतरी रंग, वीज आणि पैसा यांची जुळवाजुळव करूनच उभी केली होती.

आमचे रुग्णालय बाजारपेठेला लागून आहे. दोन पिढ्यांपूर्वी धान्य आणि कापडाच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून ते बांधले. हमालापासून अडत्यापर्यंत सगळे तिथेच येतात. मे आणि जून २०२० मध्ये तिथे नमुने घेतले जात, पण तपासणीसाठी ते बाहेरगावी पाठवावे लागत. सकाळी घेतलेले नमुने बर्फाच्या पेटीतून दुपारी निघत, तिकडे आधीच रांग असे, आणि अहवाल यायला चार-चार, पाच-पाच दिवस लागत. तोवर ताप आणि खोकला असलेला प्रत्येक माणूस ‘संशयित’ म्हणून एकाच विभागात राही. त्यांतील काहींना करोना असे, काहींना साधा न्यूमोनिया. चार दिवसांत कोणाचे कोणाला लागले, हे कोण सांगणार? डायलिसिसच्या रुग्णांचे हाल तर पाहवत नसत. त्यांना आठवड्यातून दोन-तीनदा यंत्रावर घ्यावे लागते, आणि ताप आलेल्या रुग्णाला अहवालाशिवाय इतरांच्या शेजारी बसवता येत नाही.

जूनमध्ये बाजारातील एका किराणा दुकानदाराचे वडील धाप लागते म्हणून दाखल झाले. वय अठ्ठ्याहत्तर. नमुना गेला. दुसऱ्या रात्री ते वारले. अहवाल नसल्याने नियमाप्रमाणे त्यांना संशयित समजूनच पुढचे सारे झाले. गुंडाळलेला देह नगरपालिकेच्या गाडीतून गेला, घरच्या दोघांनी लांबून हात जोडले. चौथ्या दिवशी अहवाल आला, निगेटिव्ह. आठवड्याने त्यांचा मुलगा बिलाचा हिशेब पूर्ण करायला माझ्या टेबलापाशी आला. पैसे मोजून दिले, पावती घडी करून खिशात ठेवली आणि उठता उठता विचारले, “साहेब, रिपोर्ट आधी आला असता तर बाबांना घरी नेता आले असते ना?” त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. त्यामुळेच उत्तर देणे अधिक कठीण होते.

चाचणी नसते तेव्हा तिची जागा संशय घेतो, हे पुण्याने १८९७ च्या प्लेगमध्ये भोगले आहे. प्लेगचा जंतू १८९४ सालीच हाँगकाँगमध्ये सापडला होता, पण घराघरांतील माणसाची तपासणी करण्याचे साधन हाताशी नव्हते. मग गोऱ्या सैनिकांकडून घरझडत्या झाल्या, माणसे छावण्यांत हलवली गेली, आणि त्यातून जो प्रक्षोभ उसळला तो आपल्या इतिहासाचा भाग आहे. २०२० मध्ये सैनिक नव्हते, पण संशय होता. मुंबईहून आलेल्या पुतण्याला चुलत्याने ओसरीवरच थांबवले, भाजीवाल्याला गल्लीत येऊ दिले नाही. अहवाल हा केवळ औषधोपचाराचा कागद नसतो. माणसाला संशयातून मोकळे करणारी ती एक पावती असते. पण पावती वेळेवर मिळाली आणि खरी असली, तरच तिचा उपयोग.

जूनअखेर विश्वस्तांची बैठक झाली, तीही मोकळ्या गच्चीवर, लांब लांब खुर्च्या टाकून. रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डॉक्टरांनी, ज्यांना आम्ही सारे ‘मॅडम’ म्हणतो, ही चाचणी कशी होते ते समजावून सांगितले. मला ती चक्रवाढ व्याजाच्या भाषेत लगेच कळली. नाकातून व घशातून घेतलेल्या स्रावात विषाणू असला, तर त्याचे आरएनए नावाचे अतिसूक्ष्म धागे वेगळे काढतात. त्यांची प्रथम डीएनएमध्ये नक्कल करतात. मग यंत्र नळीला ठरावीक पद्धतीने तापवते आणि थंड करते, आणि प्रत्येक फेरीत धागे दुप्पट होतात. एकाचे दोन, दोनांचे चार. दहा फेऱ्यांत १,०२४, वीस फेऱ्यांत दहा लाखांच्या वर, तीस फेऱ्यांत शंभर कोटींच्या वर. धागे पुरेसे वाढले की नळीतील एक द्रव्य चमकू लागते आणि यंत्र ती चमक टिपते. विषाणू भरपूर असेल तर चमक लवकर दिसते, थोडा असेल तर उशिरा. साधारण चाळीस फेऱ्यांपर्यंत काहीच चमकले नाही, तर निगेटिव्ह.

“हीच या चाचणीची ताकद आणि हीच तिची भीती,” मॅडम म्हणाल्या. “कालच्या नळीतला एक अदृश्य थेंब आजच्या नळीत पडला, तरी त्यात कोट्यवधी नकला असतात. यंत्र त्याही इमानदारीने मोजील.”

म्हणून तीन स्वतंत्र खोल्या हव्या होत्या. पहिली अगदी स्वच्छ, फक्त रसायनांचे मिश्रण करण्यासाठी. दुसरीत जैवसुरक्षा कपाटात नमुने उघडून आरएनए काढायचे. तिसरीत यंत्र. माणसाने आणि सामानाने जायचे ते पहिलीकडून तिसरीकडेच. उलट फिरायचे नाही. प्रत्येक खोलीचे कोट, पिपेट, अगदी लिहायची पेनेसुद्धा वेगळी. आम्ही चादरींचे जुने भांडार आणि शेजारच्या दोन अडगळीच्या खोल्या रिकाम्या केल्या. भिंतींना धुता येईल असा रंग दिला, फरशीचे सांधे बुजवले, हवा आतून बाहेर गाळून सोडणारी यंत्रणा बसवली. उणे ऐंशी अंशांचा फ्रीजर आला. त्याला अखंड वीज हवी, म्हणून जनरेटरची जोडणी बदलली. टाळेबंदीत गवंडी मिळेना, सुतार मिळेना. बाजारातील हार्डवेअरच्या दुकानदाराने मागच्या दाराने सामान काढून दिले आणि दर मात्र जानेवारीचाच लावला.

आता पैशाचे. यंत्रासाठी देणगी मागितली तेव्हा चार दिवसांत दोन घराणी पुढे आली. जैवसुरक्षा कपाटाला एक, फ्रीजरला एक. अडचण सुरू झाली ती त्यानंतर. रोज लागणारी किट, एकदाच वापरून टाकायच्या गाळणीच्या टिप, नमुना ठेवायच्या द्रवाच्या नळ्या, हातमोजे, पीपीई किट, तंत्रज्ञांचे पगार, जैववैद्यकीय कचऱ्याची विल्हेवाट, या कशालाच देणगीदार मिळेना. यंत्रावर नाव कोरता येते, टिपवर येत नाही. यात कोणाला दोष देण्याचा हेतू नाही. दानालाही दिसणारी जागा लागते, हा मनुष्यस्वभाव आहे. पण बँकेत मी अनेक कारखाने पाहिले, जे यंत्राच्या कर्जामुळे नव्हे, खेळत्या भांडवलावाचून बंद पडले. म्हणून मी विश्वस्तांपुढे एकच आग्रह धरला. यंत्राइतकीच रक्कम सहा महिन्यांच्या खेळत्या भांडवलासाठी आधी वेगळी ठेवावी, मगच यंत्राची ऑर्डर द्यावी. अध्यक्ष शेठजींनी ते मान्य केले. ते धान्याचे जुने व्यापारी, ऐंशीच्या घरातले. म्हणाले, “गाडी घ्यायची आणि बैलाला वैरण नाही, असे नको.”

दुसरा प्रश्न दराचा होता. खासगी प्रयोगशाळांना मार्च २०२० मध्ये या चाचणीसाठी ४,५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. जूनच्या मध्यास महाराष्ट्र शासनाने ती रुग्णालयात नमुना घेतल्यास २,२०० रुपयांवर आणली. आमची बैठक झाली तेव्हा हा दर होता. प्रयोगशाळा सुरू होईपर्यंत, सप्टेंबरात, तो १,२०० झाला. ऑक्टोबरअखेर ९८०, डिसेंबरात ७०० आणि मार्च २०२१ अखेर ५००. सामान्य माणसाच्या दृष्टीने हे योग्यच झाले. देशी किट बाजारात आल्याने खर्चही उतरत गेला. पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या किटला मार्च २०२० मध्येच मान्यता मिळाली होती. ते तयार करणाऱ्या पथकाच्या प्रमुख मीनल दाखवे-भोसले यांनी बाळंतपणाच्या आदल्या दिवशी किट तपासणीसाठी सोपवले, ही हकीकत तेव्हा सर्वांनी वाचली असेल. तरीही, २,२०० च्या दरावर बेतलेला आमचा कागद सहा महिन्यांत तीनदा फाडून नव्याने लिहावा लागला.

त्यात एक गुंतागुंत होती, ती व्यापारी वाचकांना चटकन समजेल. यंत्राच्या ताटलीत ९६ घरे असतात. त्यांतील दोन राखीव, त्यांच्याविषयी पुढे सांगतो. म्हणजे एका खेपेत ९४ नमुने. नमुने ९४ आले काय नि २० आले काय, माणसांचे तास तेच, पीपीई किट तीच, राखीव घरेही तीच. ताटली भरली तर खर्च विभागला जातो, अर्धी गेली तर प्रत्येक चाचणीवर तोटा. पण ताटली भरेपर्यंत थांबावे, तर अहवालाला उशीर होतो, आणि उशीर टाळण्यासाठीच तर हा सारा खटाटोप. आम्ही ठरवले, की दिवसातून दोन खेपा ठरल्या वेळी निघतील, एसटीसारख्या. भरल्या तरी आणि न भरल्या तरी. तोट्याचा भाग खेळत्या भांडवलातून भरू. ज्यांना परवडत नाही त्यांची नावे वेगळ्या वहीत, आणि ती वही फक्त शेठजी व मी पाहायची.

नमुने एकत्र करून खर्च वाचवण्याचीही एक रीत आहे. ती सुचवली एका अर्थशास्त्रज्ञाने, हे कळल्यावर वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मला मोठे समाधान वाटले. अमेरिकन सैन्यात भरती होणाऱ्या तरुणांची रक्ततपासणी स्वस्तात कशी करावी, यासाठी रॉबर्ट डॉर्फमन यांनी १९४३ मध्ये ती मांडली. पाच जणांचे नमुने एका नळीत मिसळायचे. नळी निगेटिव्ह आली तर पाचही सुटले. पॉझिटिव्ह आली तरच पाचांना वेगवेगळे तपासायचे. शंभर माणसांत दोघेच बाधित असले, तर वीस नळ्या आणि नंतर फार तर दहा, अशा तीस चाचण्यांत काम होते. पण पाचात एक बाधित असेल, तर बहुतेक नळ्या पॉझिटिव्ह येतात आणि शंभरातील जेमतेम बारा-तेरा चाचण्या वाचतात. सप्टेंबरात आमच्याकडे तीच स्थिती होती. त्यामुळे ही रीत डिसेंबरात, साथ ओसरल्यावरच कामी आली. आयसीएमआरचे मार्गदर्शनही असेच होते, की बाधितांचे प्रमाण कमी असेल तिथेच नमुने एकत्र करावेत.

एनएबीएलचे मानांकन, आयसीएमआरची मान्यता, पोर्टलवर रोजच्या नोंदी, प्रत्येक नमुन्याचा क्रमांक, हे सारे सोपस्कार पार पडून सप्टेंबरच्या मध्यास पहिली खेप निघाली. त्या संध्याकाळी डायलिसिसच्या दोन रुग्णांचे अहवाल सात तासांत हाती आले. दोन्ही निगेटिव्ह. त्या रात्री त्यांना नेहमीच्या यंत्रावर घेतले गेले.

आता त्या दोन राखीव घरांविषयी. एका घरात ज्ञात पॉझिटिव्ह नमुना ठेवतात. तो चमकलाच पाहिजे. नाही चमकला तर रसायने किंवा यंत्र बिघडले आहे. दुसऱ्या घरात रसायनांबरोबर फक्त शुद्ध पाणी असते. ते कधीही चमकता कामा नये. याशिवाय प्रत्येक नमुन्यात माणसाच्या पेशींचाही मागोवा घेतला जातो. त्या दिसल्या नाहीत, तर नमुना नीट घेतलाच गेला नाही असे समजून माणसाला पुन्हा बोलावतात. सही नसलेला धनादेश आपण परत करतो, तसेच हे. निकाल दोघांनी स्वतंत्रपणे वाचायचा आणि दोघांनी सही करायची. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, त्या मला आठवल्या.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात एके दुपारी ते पाण्याचे घर चमकले. चौतिसाव्या फेरीला. ताटलीत ९४ नमुने होते, त्यांपैकी ११ पॉझिटिव्ह दिसत होते. मॅडमनी एकही अहवाल बाहेर जाऊ दिला नाही.

तासाभरात फोन सुरू झाले. त्या ९४ जणांत एका विश्वस्तांचे मेहुणे होते; दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्यात त्यांची शस्त्रक्रिया ठरलेली होती आणि अहवालाशिवाय ते रुग्णालय दाखल करून घेणार नव्हते. विश्वस्त स्वतः आले. त्यांचे म्हणणे अगदीच अवाजवी नव्हते. “मॅडम, जे निगेटिव्ह आहेत ते तर निगेटिव्हच आहेत ना? निदान तेवढे तरी द्या.”

मॅडमनी शांतपणे उत्तर दिले, “आज खोलीत काय बिघडले आहे, ते मला अजून कळलेले नाही. ते कळेपर्यंत या ताटलीतल्या एकाही निकालावर मी सही करणार नाही. रिकाम्या नळीत विषाणू दिसतो आहे. मग भरलेल्या नळीतला खरा कोणाचा, हे मी कशावरून सांगू?”

विश्वस्तांनी शेठजींना फोन लावला आणि तो टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू येईल असा. शेठजींनी सारे ऐकून घेतले. मॅडमना दोन प्रश्न विचारले. पुन्हा तपासायला नमुने शिल्लक आहेत का? आहेत. किती वेळ लागेल? खोल्या धुऊन, नवी रसायने उघडून, उद्या दुपारपर्यंत. मग म्हणाले, “म्हणजे मेळ जुळत नाही. मेळ जुळत नाही तोवर पावती फाडायची नाही. पाव्हण्यांची तारीख पुढे ढकलायला मी डॉक्टरांशी बोलतो.”

डायलिसिसच्या एका रुग्णाला थांबवता येत नव्हते. त्याचा नवा नमुना शासकीय रुग्णालयातील ट्रूनॅट यंत्रावर पाठवला. गोव्यात तयार झालेले हे लहानसे भारतीय यंत्र क्षयरोगासाठी बनले होते. चिपवर चालते आणि तासा-दीड तासात उत्तर देते. त्याची सोय रात्रीच झाली. इकडे तंत्रज्ञांनी हायपोक्लोराइटने ओटे पुसले, पिपेट सुटे करून धुतले, रात्रभर अतिनील दिवे लावून ठेवले. उघडलेली सगळी रसायने फेकली. सकाळी नव्या ताटलीवर तेच ९४ नमुने पुन्हा लागले. या वेळी पाणी स्वच्छ राहिले.

अकरांपैकी नऊ पॉझिटिव्ह निघाले. उरलेले दोघे, जे आदल्या दिवशी अगदी उशिरा आणि क्षीण चमकले होते, निगेटिव्ह. त्यांतील एक बाई बाजारात डबे करून देणारी होती. घरी अडकलेल्या किती तरी कुटुंबांना तेव्हा तिचाच डबा जात असे. पॉझिटिव्हचा कागद तिच्या हाती पडला असता तर तिची चूल बंद झाली असती, आणि निरोगी बाईला बाधितांच्या विभागात नेऊन ठेवले गेले असते. तिला हे कधी कळले नाही, कळण्याचे कारणही नव्हते. तिला अहवाल एक दिवस उशिरा मिळाला, एवढेच तिच्या बाजूने घडले.

महिनाअखेर हिशेब मांडताना प्रश्न आला, की त्या फेकलेल्या ताटलीचा आणि रसायनांचा खर्च कुठे दाखवायचा. रक्कम थोडी नव्हती. लेखनिकाने पेन्सिलीने ‘नुकसान’ असे लिहून ठेवले होते. शेठजींनी तो कागद पाहिला आणि म्हणाले, “हे नुकसान नाही. नुकसान झाले असते, ते आपण टाळले. याचे वेगळे खाते उघडा.” मी खतावणीत ‘पुनर्तपासणी’ असे खाते उघडले. आमच्या रुग्णालयाच्या ताळेबंदात ते आजही आहे.

या खात्यावर नंतर बराच विचार केला. बाहेरून पाहणाऱ्याला प्रयोगशाळा म्हणजे यंत्र वाटते. दुकानही बाहेरून पाहणाऱ्याला माल आणि फळ्या वाटतात. पण दुकान चालते ते पतीवर, आणि पत म्हणजे वेळोवेळी नाकारलेल्या सोयी. वजन पुन्हा करून देणे, शंका असलेले पोते परत पाठवणे, जुळत नसलेला हिशेब रात्री जागून शोधणे. यांतून त्या दिवशी काहीच कमाई होत नाही, उलट खर्चच होतो. त्या पाण्याच्या नळीतूनही कोणाचे निदान होत नाही. प्रत्येक खेपेत एक घर ती फुकट अडवते. तरी उरलेल्या नमुन्यांची पत त्या एका रिकाम्या घरावर उभी असते.

मार्च आणि एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली, तेव्हा या सगळ्याची कसोटी लागली. दिवसाच्या दोन खेपांच्या चार झाल्या, तंत्रज्ञ तीन पाळ्यांत काम करू लागले. दर ५०० रुपये होता आणि आमच्या वहीतील बिनपैशाच्या चाचण्यांची यादी वाढत होती. पण आधी बाजूला ठेवलेले खेळते भांडवल तेव्हाच उपयोगी आले. बहुतेकांना चोवीस तासांच्या आत अहवाल मिळे. त्या काळात तीनदा ताटली अडवून ठेवावी लागली. एकदाही कोणी विश्वस्त खाली आले नाहीत.

साथ ओसरली, पण यंत्र रिकामे नाही. क्षयरोग, कावीळ ‘ब’ आणि ‘क’, स्वाइन फ्लू, यांच्या तपासण्या त्याच तीन खोल्यांत होतात. पूर्वी यांतील बहुतेक नमुने बाहेरगावी जात. कावीळ झालेल्या रुग्णाच्या रक्तात विषाणू किती उरला, औषध लागू पडते आहे का, हे आता गावातच कळते. मॅडम अजून आहेत. ‘पुनर्तपासणी’ खात्यात एखाद्या तिमाहीत काहीच खर्च पडला नाही, तर त्या खूश होण्याऐवजी नोंदवह्या मागवून घेतात आणि पाण्याच्या नळ्यांचे निकाल स्वतः तपासतात.

आपल्यातील बहुतेक कुटुंबे कुठल्या ना कुठल्या रुग्णालयाला, पांजरपोळाला, शाळेला काही देत असतात. त्या सर्वांना एक विनंती करावीशी वाटते. पुढच्या वेळी कोणी यंत्रासाठी देणगी मागायला आले, तर जरूर द्या. पण त्यांना दोन प्रश्न अवश्य विचारा. हे यंत्र वर्षभर चालवायला काय लागेल, आणि त्यातला चुका शोधण्यासाठीचा खर्च किती? याचे उत्तर ज्या संस्थेकडे लेखी तयार असेल, तिथे देणगीचा निम्मा भाग त्या खर्चासाठी द्या. त्यावर नाव लागणार नाही. आमच्याकडे असे देणारे आता सात जण आहेत. त्यांत तो किराणा दुकानदार आहे. दर वर्षी जूनमध्ये तो येतो, टिप आणि हातमोज्यांपुरती रक्कम मोजून देतो, आणि पावतीवर वडिलांचे नाव घालायला सांगतो.